परळच्या करंजीतलं तेज

दुपारी बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, ऑक्टोबरचं ऊन टाळूवर नाचत होतं आणि परळच्या कॉर्व्हस टॉवरसमोरच्या अंगणात मुंगीला शिरायला वाव नव्हता.

एरवी या वेळी तिथे चार-दोन माणसं असत, तीही सिगरेट ओढायला खाली उतरलेली. आज नवव्या मजल्यावरचं अख्खं अकाउंट्स खातं डबे वर सोडून खाली आलं होतं. लालबाग-काळाचौकीच्या आज्या टॅक्सी करून आल्या होत्या. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतलं एक भजनी मंडळ टाळांसकट हजर होतं. तीन डिलिव्हरीवाले कोणाचं तरी जेवण गार करत हात जोडून उभे होते. आणि ही सगळी मंडळी टक लावून बघत होती एका करंजीकडे.

करंजी हे आपलं लोकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री तिचं नाव होतं 'अनंताचा उच्छ्वास'. स्टीलचा जाड पत्रा वाकवून केलेलं, दोन माणसं उंच असं ते अमूर्त शिल्प होतं. अमूर्त म्हणजे ज्याच्याकडे बघून 'हे काय आहे?' असं विचारायची सोय नसते ते. सारण भरायचं राहून गेलं, तोंड मिटायचं राहून गेलं आणि मग कंटाळून मागे रेलली, अशी ती करंजी सहा वर्षं तिथे पडून होती. कबुतरं सोडली तर सहा वर्षांत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"चार मिनिटं, माउली, फक्त चार मिनिटं!" भगव्या कफनीतले तेजोनाथ महाराज करंजीपुढे येरझाऱ्या घालत होते. वय पंचेचाळिशीचं, दाढी दहा-बारा दिवसांची. "नुसतं बघून घ्या, बघायला काही लागत नाही! असं तेज अख्ख्या मुंबईत दुसरीकडे दाखवा, कफनी उतरवून ठेवतो. एकदम पक्कं तेज आहे ताई, उतरणार नाही, फिकं पडणार नाही, आयुष्यभर टिकेल!"

करंजीच्या उघड्या पोटासमोर एक तिवई होती. तिवईवर घडी घातलेल्या साड्यांची चवड, चवडीवर तांब्याचं तबक, तबकात कापूर आणि काजळात माखलेली काळीकुट्ट वात. आसपास आगपेटी नाही, निरांजन नाही, उदबत्तीसुद्धा नाही. महाराजांनी दोन्ही हात वर करून लोकांना ते रिकामे असल्याचं दाखवलं.

बारा चोवीस झाले. वातीतून धुराची बारीकशी रेघ निघाली. ती जाड झाली, आणि कापूर भप्पकन पेटला.

"अनंत तेजोनाथ महाराज की..." पुढचं काही ऐकू आलं नाही. टाळ वाजू लागले, अकाउंट्समधल्या दोन बायका रडल्या आणि एका डिलिव्हरीवाल्याने हातातल्या बिर्याणीचाच नैवेद्य दाखवला.

टॉवरच्या पायऱ्यांवर उभे असलेले यशोधन विजयकर मात्र ज्योतीकडे बघत नव्हते. ते या इमारतीचे प्रशासन अधिकारी. लिफ्टपासून डासांच्या फवारणीपर्यंत सगळं त्यांच्या सहीने चाले. बघत होते ते पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे. त्या खुर्चीवर त्यांची चौऱ्याहत्तर वर्षांची आई, नलूताई, पापणी न लवू देता करंजीच्या झगझगीत पोटाकडे बघत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. अकरा दिवसांच्या व्रताचा तो नववा दिवस होता.

आता हे व्रत कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. नलूताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजवा तर पारच गढूळ. डॉक्टर सीमा नवलकरांनी तपासून उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती. नलूताईंनी ती देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, आणि आठवडा उरला असताना आपणच फोन करून रद्द केली. ठाकूरद्वारच्या घरी त्यावरून झालेला संवाद यशोधनना पाठ झाला होता.

"आई, तू डॉक्टरांना नाही म्हणून कळवलंस?"

"नाही कुठे म्हटलं? पुढे ढकललं. डोळ्यात सुरी घालून घेण्यापेक्षा अकरा दिवस देवाकडे बघितलं तर काय बिघडलं?"

"तो देव नाही गं, पत्रा आहे. ट्रकमधून उतरवून घेतलाय मी. चलनावर माझी सही आहे!"

"गणपतीसुद्धा परळच्या कारखान्यातून पावती फाडूनच येतो, यशा. म्हणून काय आपण पाया पडत नाही?"

आईशी वाद घालताना यशोधन नेहमी तिसऱ्या वाक्याला गारद होत. आणि खरं कारण दोघांनाही माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी नलूताईंच्या थोरल्या भावाचा डोळा अशाच एका ऑपरेशनात कायमचा गेला होता. 'आता तसं राहिलं नाही, वीस मिनिटांत घरी सोडतात,' असं डॉक्टर सीमांनी दहादा सांगितलं, तरी नलूताईंना दिसे ती भावाच्या डोळ्यावरची पट्टीच. माणूस घाबरला की त्याला पटेल ते नको असतं, सोसेल ते हवं असतं. तेजोनाथांनी नेमकं तेच पुढ्यात मांडलं. "माई, तेजानं गेलेली वस्तू तेजानंच परत येते. शस्त्र नाही, टाका नाही, पट्टी नाही. अकरा दिवस अभिजित मुहूर्तावर नुसतं बघायचं. आवडलं नाही तर सोडून द्या, जबरदस्ती नाही!"

ही सगळी भानगड सुरू झाली होती खंडेनवमीला, आणि तिची कळ यशोधनच्याच हाताने दाबली गेली होती. हे अजून त्यांनाही ठाऊक नव्हतं.

टॉवर उभा आहे त्या जागेवर पूर्वी कापडाची गिरणी होती. सफाई खात्याचा मुकादम दगडू याचा बाप त्या गिरणीत मागावर होता. खंडेनवमी जवळ आली तसा दगडू यशोधनच्या टेबलापाशी येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"साहेब, पूजा कशाची करायची? पोरं विचारतायत."

"कशाची म्हणजे? तुमच्या हत्यारांची."

"झाडूची आन् फिनेलच्या बाटलीची? माझा बाप हितंच माग पुसायचा साहेब. आदल्या दिवशी आरशासारखा करायचे, तोंड बघून घ्यावं असा. मग झेंडूची माळ. आता वर सगळे काम्प्युटर. त्यांना हळद-कुंकू लावलं तर आयटीवाले बोंबलतात. आपल्याला कायतरी लोखंड पायजे, साहेब. ती करंजी हाय ना? मळकट पडलीये नुसती."

यशोधनना ते पटलं. नुसतं पटलं नाही, आतून हललं. एवढी मोठी गिरणी गेली आणि तिची खंडेनवमी एका करंजीवर येऊन ठेपली, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी परवानगी दिली. दगडूने लालबागहून भांड्यांना पॉलिश करणारी दोन माणसं बोलावली. ती बफिंगचं चाक घेऊन आली, गेटपासवर यशोधननी सही केली आणि दोन दिवस घासून घासून त्यांनी करंजीचं खरखरीत, करडं पोट असं काही लखलखीत केलं की दगडूने त्यात बघून भांग पाडला.

खंडेनवमीला सकाळी तिची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी पूजेचं ताट तिवईवर तसंच राहिलं होतं. अचानक त्यातला कापूर आपोआप पेटला. चार बायका किंचाळल्या, दगडूने लोटांगण घातलं. आणि त्यानंतरच्याच दिवशी कुठूनसे तेजोनाथ महाराज प्रगटले. व्यवस्थापनाने त्यांना हाकललं का नाही? तर व्यवस्थापकसाहेबांच्या पत्नीने पहिली साडी चढवली होती.

दहाव्या दिवशी ज्योत विझल्यावर महाराजांनी हात उंचावला.

"उद्या माईंचा अकरावा! उद्या नेत्राभिषेक! आधी ज्योत प्रगट होईल, मग तबक बाजूला, आणि तबकाच्या जागी माईंचे डोळे. तेज थेट बुबुळात! हा चान्स रोज रोज येत नाही माउली, शेवटचा पीस आहे!"

शेवटचा पीस? यशोधनचे कान टवकारले. इतके दिवस त्यांना आईची काळजी होती, महाराजांचा राग होता, पण महाराजांकडे त्यांनी नीट पाहिलं असं नव्हतं. आता पाहिलं. एक भक्तीण साडी चढवायला पुढे झाली. महाराजांनी ती घेतली, मनगटाच्या एका झटक्यात उलगडली, कापड दोन बोटांत चोळलं आणि दुसऱ्या झटक्यात तिची अशी घडी घातली की काठावर काठ बसला. मग मान हलवून परत दिली. "जाड सुती आहे ताई. देवाला तलम लागतं. शिफॉन आणा, जॉर्जेट आणा."

तबकाखाली रोज एक साडी वाढायची, हे यशोधनना माहीत होतं. 'देवाचं आसन रोज उंचावलं पाहिजे' असं त्याचं कारण सांगितलं जाई. पण देवाला जाडी का खुपावी? आणि मागच्या शुक्रवारी ढग आले होते तेव्हा ज्योत पेटलीच नाही, महाराज म्हणाले देव आज मौनात आहे. ढग आले की मौनात जाणारा हा कुठला देव?

ते वर गेले आणि कपाटातून शिल्पाची फाइल काढली. आत चाळीस पानांची एक इंग्रजी पुस्तिका होती, 'देखभालीच्या सूचना'. सहा वर्षांत ती कोणी उघडली नव्हती, कारण सरकारी असो वा खाजगी, देखभालीच्या सूचना सांभाळून ठेवायच्या असतात, वाचायच्या नसतात. एकतिसाव्या पानावर चौकटीत छापलं होतं, की शिल्पाचा आतला खोलगट भाग मुद्दाम खरखरीत ठेवला आहे. त्याला कदापि पॉलिश करू नये. केल्यास तो अंतर्गोल आरशासारखं काम करील, पडलेलं सगळं ऊन समोर एका ठिकाणी गोळा करील, आणि त्या ठिकाणच्या वस्तूला आग लागू शकेल.

यशोधननी चौकट तीनदा वाचली. शाळेत भिंगाखाली कागद जाळला होता तीच ही गोष्ट, फक्त भिंगाऐवजी आरसा आणि कागदाऐवजी कापूर. बारा चोवीसला सूर्य डोक्यावर बरोबर दक्षिणेला येतो, तेव्हा ऊन गोळा होण्याची जागा तिवईवर येते. दसऱ्यानंतर सूर्य रोज थोडा थोडा खाली उतरतो, म्हणून आरशातून परतणारं ऊन रोज थोडं वर सरकतं. रोज जेमतेम एका बोटाइतकं. म्हणजे एका तलम साडीच्या घडीइतकं! आणि वातीला काजळ का? पांढऱ्या वस्तूवरून ऊन उडून जातं, काळी वस्तू ते पिऊन टाकते.

आणि उद्या त्या जागी आईचे डोळे असणार होते.

त्यांनी डॉक्टर सीमांना फोन लावला. त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "विजयकर, नऊ-दहा दिवस त्या पत्र्याकडे बघणं म्हणजे सूर्याकडेच बघणं. त्याने डोळ्याच्या मागचा पडदा जळतो आणि दुखतसुद्धा नाही, म्हणून कळत नाही. उद्याचा प्रकार झाला तर मला ऑपरेशनला डोळाच राहणार नाही. काय वाटेल ते करा, थांबवा."

घरी जाण्याआधी ते हिंदमाताच्या कापडबाजारात गेले. दरवर्षी दसऱ्याला सफाई खात्यातल्या बायकांना टॉवरतर्फे साड्या मिळत, त्या तिथल्या एका दुकानातून येत. गल्ल्यावरच्या कुशाबांना त्यांनी महाराजांचा मोबाइलमधला फोटो दाखवला.

"अरे, हा तर आमचा बंडू!" कुशाबा म्हणाले. "दसऱ्याच्या दुपारी तुमच्याकडे साड्यांचा गठ्ठा पोचवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. वीस वर्षं काउंटरवर होता. उभ्या गिऱ्हाइकाला न घेता जाऊ दिलं नाही त्यानं कधी. दाढी का वाढवलीय? कोण गेलं का घरात?"

तर असा सगळा उलगडा झाला. आता उद्या सांगायचं, झालं! पण यशोधनचा पाय घराच्या जिन्यात अडखळला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? करंजीला पॉलिश कोणी करू दिलं? गेटपासवर सही कोणाची? लाखमोलाचं शिल्प बिघडवलं म्हणून नोकरीवर गदा आली तर या वयात दुसरी कोण देणार? यशोधन काही शूर वगैरे नव्हते. आईला कोंडून ठेवावं, महाराजांची गुपचूप बदली करावी, पाऊस पडावा, असे तीन-चार उपाय त्यांच्या मनात येऊन गेले.

नलूताई चहा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कपाकडे हात नेला आणि तो कपाच्या बाजूने हवेत गेला.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. ज्याच्याकडे बघते त्याच्या मधोमध एक ठिपका येतो. डाव्या डोळ्याला. परवापासून." मग चेहरा उजळवून म्हणाल्या, "महाराज म्हणाले, ती खूण आहे. देव आत उतरायला लागला."

डावा डोळा म्हणजे आईचा त्यातल्या त्यात बरा डोळा. यशोधननी तिचा हात धरून कपाच्या कानावर ठेवला आणि नोकरीचा विचार तिथल्या तिथे संपला. समजावून ती ऐकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दाखवायलाच हवं होतं.

"आई, उद्या तुझा लग्नातला शालू चढवूया," ते म्हणाले.

नलूताईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "शेवटी सुबुद्धी झाली म्हणायची," त्या म्हणाल्या, आणि यशोधनना फार वाईट वाटलं.

अकराव्या दिवशी गर्दी दुप्पट होती. बारा वीसला यशोधन आईला हाताला धरून पुढे आले. मागे दगडू, काखेत मोठी काळी छत्री. त्याला सकाळीच सगळं सांगितलं होतं. तासभर तो डोकं धरून बसला होता, आणि मग म्हणाला होता, "मी लोटांगण घातलं साहेब त्याला. आपणच घासलेल्या पत्र्याला!"

"महाराज, आईचा शालू," यशोधन म्हणाले, "आज आसनावर हाच."

पन्नास वर्षांपूर्वीचा अस्सल जरीचा नऊवारी शालू. घडी चांगली चार-पाच बोटं जाड. महाराजांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माल उत्तम आहे माई, असा पदर आता मिळत नाही. पण देवाला हेवी नको. एखादी डेली वेअर..."

"का हो?" मागून एक आजी कडाडल्या. "जॉर्जेट चालतं नि लग्नाचा शालू चालत नाही?"

"माईंचा अकरावा दिवस आहे!" अकाउंट्समधून आवाज आला. "चढवा!"

"चढवा, चढवा!" भजनी मंडळाने टाळांवर तालच धरला.

महाराजांनी घड्याळ बघितलं, सूर्य बघितला, शालू बघितला. वीस वर्षांत गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी शालू चवडीवर ठेवला, त्यावर तबक ठेवलं.

बारा चोवीस. बारा पंचवीस. वात ढिम्म. बारा सव्वीस झाले तरी धुराची रेघसुद्धा नाही.

"इथे कोणीतरी नास्तिक आहे!" महाराज ओरडले. "त्याच्या सावलीनं मुहूर्त विटाळला!"

"आहे ना, मी आहे," यशोधन म्हणाले. "पण माझी सावली माझ्या पायाशी पडलीय, महाराज. सूर्य डोक्यावर आहे." आणि त्यांनी पुढे होऊन तबक उचललं. हातात पाच-सात मिनिटंच होती, त्यानंतर ऊन सरकणार होतं. "आता सगळ्यांनी तबकाकडे बघा."

त्यांनी तबक शालूच्या करंजीकडच्या बाजूने हळूहळू खाली आणलं. चार बोटं खाली येताच वात धुमसली आणि कापूर भडकला. लोकांच्या तोंडून 'आ' निघाला. यशोधननी फुंकर घालून तो विझवला, नवी वडी ठेवली आणि तबक वर नेलं. काही नाही. खाली आणलं. भप्पकन ज्योत!

"वर देव नाही, खाली देव आहे," यशोधन म्हणाले. "दगडू, छत्री!"

दगडूने छत्री उघडून ऊन आणि करंजीच्या मध्ये धरली. नवी वडी जागच्या जागी थंड पडून राहिली. छत्री बाजूला केली, दोन क्षणांत धूर. पुन्हा छत्री, पुन्हा थंड. चौथ्या वेळेला गर्दीतल्या एका डिलिव्हरीवाल्याला हसू फुटलं, आणि हसणं हे टाळांपेक्षा लवकर पसरतं.

"पण हे झालं कसं, विजयकर?" व्यवस्थापकसाहेबांच्या पत्नीने विचारलं. "आधी सहा वर्षं का नाही पेटलं?"

यशोधन गर्दीकडे वळले. "कारण आधी ती आरसा नव्हती. खंडेनवमीसाठी मी तिला पॉलिश करू दिलं. करू नका असं पुस्तिकेत छापलंय, मी वाचलं नव्हतं. सही माझी आहे, चूक माझी आहे. यात देवाचा काही दोष नाही." मग त्यांनी साड्यांची चवड, काळी वात, ढगाळ शुक्रवार, सगळं भराभर सांगितलं. पोरांना समजावं इतकं सोपं.

"साफ खोटं!" महाराज गरजले. "माई, चला, मुहूर्त टळतोय. तबक काढलंय, तुमचे डोळे आणा इथे. विश्वास ठेवा!"

नलूताई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांना तबक नीट दिसत नव्हतं, छत्रीही धूसर दिसली होती. ऐकू मात्र सगळं आलं होतं. यशोधन आईचा दंड धरायला पुढे झाले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला.

"थांब यशा. कुठली जागा म्हणालास? जिथे महाराज डोळे ठेवायला सांगतायत, तीच का?"

"तीच. पण आई..."

नलूताईंनी उभ्या आयुष्यात तवा तापला की नाही हे बोटाने बघितलं होतं. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली आणि त्या रिकाम्या, काहीही नसलेल्या हवेत नेली.

"आई गं!"

बोट झटकन तोंडात गेलं. नलूताईंनी बोट बाहेर काढलं, अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि महाराजांच्या आवाजाच्या दिशेला वळल्या.

"मेल्या, इथे माझा डोळा ठेवायला सांगत होतास तू?"

एवढा वेळ टिकलेलं तेज त्या एका प्रश्नाने उतरलं. "माई, मला वाटलं नव्हतं एवढं..." महाराज पुटपुटले. "मी आपलं लोकांना आवडतंय म्हणून..."

"बंडूशेठ," यशोधन म्हणाले, "कुशाबा वाट बघतायत. काउंटर रिकामा आहे."

बायका साड्यांवर तुटून पडल्या. कोणाची कुठली यावरून जी झोंबाझोंबी झाली तीत चवड विस्कटली आणि बंडूला राहवेना. पोलीस येईपर्यंत तो तिथेच मांडी घालून घड्या घालत होता, काठाला काठ जुळवून, ज्याची त्याला देत होता. "आकाशी जॉर्जेट कोणाची, ताई? डाग नाही, बघून घ्या."

यशोधन पायरीवर चढले. भाषण त्यांना येत नव्हतं, म्हणून ते थोडक्यात आटोपलं. "देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण कोणी चमत्कार दाखवला तर दोन गोष्टी विचारा. ढग आले तर होतो का? आणि वस्तू हातभर सरकवली तर होतो का? ज्याला विचारल्याचा राग येतो, त्याच्यापासून डोळे सांभाळा."

पुढचं थोडक्यात सांगतो. यशोधनना मेमो मिळाला, नोकरी वाचली. दोन कामगारांनी करंजीचं पोट पुन्हा घासून खरखरीत केलं आणि कबुतरं परत आली. नलूताईंचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. वीस मिनिटं लागली. गढूळ मोतीबिंदूनेच त्या डोळ्यात ऊन शिरू दिलं नव्हतं, त्यामुळे पट्टी काढल्यावर उजव्या डोळ्याने त्यांना डॉक्टर सीमांच्या टेबलावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. डाव्या डोळ्यातला ठिपका मात्र राहिला. पडदा तेवढा जळला होता आणि तो आता भरून येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. अकरा दिवसांची ती किंमत होती. यशोधन बाहेरच्या बाकावर बसून त्या ठिपक्यासाठी रडले. पहिल्याच दिवशी आपण ती पुस्तिका उघडली असती तर, हे त्यांच्या मनातून आजही जात नाही.

तपासणीला गेल्या होत्या तेव्हा नलूताईंच्या शेजारी एक बाई बसली होती. काचबिंदू होता तिला, थेंब घालायला सांगितले होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "थेंब नाही हो घालत मी. आमच्याकडे एक स्वामी आलेत. ते मंतरलेला मध देतात, डोळ्यात घालायला. लोकांना गुण येतो म्हणे."

नलूताईंनी तिच्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्याने ती बाई लख्ख दिसत होती. डाव्याने बघितलं तर तिच्या चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका होता.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "थेंब घाल आधी. आणि त्या स्वामींना सांग, पहिला थेंब मधाचा तुमच्या डोळ्यात घाला, मग बघू."